६४१ आला कुठून?

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला मोठ्या संख्यांवरचा लेख वाचला. ४२९४९६७२९७ (२ चा ३२ वा घात अधिक १) ही मूळ संख्या आहे असं सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा समजत होता, पुढच्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञानं तिला ६४१ नं भाग जातो हे दाखवलं, एवढं सांगून लेखक पुढच्या संख्येकडे वळले. जन्मभर गणित शिकवलेल्या माझ्यासारखीला ते खटकलं. ६४१ काय आभाळातून पडला?

सरळ शोधायचा तर ६५,५३६ पर्यंतच्या (म्हणजे या संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या) ६,५४२ मूळ संख्यांनी भाग घालून पाहावा लागेल, तोही हातानं. ऑयलरनं १७३२ मध्ये हा विभाजक जाहीर केला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्यामागचं कारण त्यानं नंतर सिद्ध केलं: या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. मग ६५, १२९, १९३ असं पुढं जायचं आणि त्यातल्या मूळ संख्या तेवढ्या धरायच्या. १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारातच बाकी शून्य!

ही चाळणी निघते ती फर्माच्याच ‘छोट्या प्रमेयातून’ (मूळ संख्येनं घातांना भागल्यावर उरणाऱ्या बाकीबद्दलचं), आणि ते प्रमेय त्यानं कळवलं १६४० मध्ये, म्हणजे हा अंदाज कळवला त्याच वर्षी. अंदाज असा की २ चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक १, ही संख्या नेहमी मूळच असते; ३, ५, १७, २५७, ६५५३७ या आधीच्या पाचही मूळ निघाल्या होत्या, त्यामुळे त्याचा भरवसा बसला असावा. चाळणी हाताशी होती. असो.

भागाकाराचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी: ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ नं भागताना ६४० ची बाकी उणे १ धरा. चौथा घात घेतला की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ५ चा चौथा घात ६२५, म्हणजे ६४१ ला १६ कमी. त्याच्या जागी उणे १६ ठेवा. १६ हा २ चा चौथा घात, तेव्हा उणे २ चा ३२ वा घात, याची बाकी १. दोन्हीकडे तो घात मिळवा: २ चा ३२ वा घात अधिक १, याची बाकी शून्य. झालं. हे फळ्यावर मांडलं की वर्गात हमखास कुणीतरी ‘पुन्हा एकदा’ म्हणायचं.

दुसरा विभाजक ६७००४१७ मूळ आहे. तो तपासायलाही तीच चाळणी, त्याच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे २,५८८ पर्यंत. वाटेत १७२९ भेटते, पण ती ७ नं भागली जाते, सोडून द्यायची.

लेखात ही संख्या ४२९४९६७२९६ अशी छापली आहे. ती सम आहे. ती फोडायला ऑयलर लागत नाही. कृपया दुरुस्ती छापावी.

— एक निवृत्त गणितशिक्षिका