मिरजेच्या चाचांना, माझ्या काळ्या गिटारीबद्दल

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

माझी इलेक्ट्रिक गिटार तुम्ही दुरुस्त करून दिलीत, पण त्याबद्दल आभार तोंडी मानायला गेलं की तुम्ही हात हलवून विषय बदलता. "गिटारीला लावलेल्या हाडाचे पैसे दिलेस ना, मग झालं," म्हणता आणि पुढचा तंबोरा मांडीवर घेता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि ते चारचौघांत लिहितेय. आपल्या सांगली-मिरज-कोल्हापूर भागात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी बरीच पोरं आहेत. गिटारीला काही झालं की ती पुण्या-मुंबईला पाठवायची, नाहीतर तशीच वाजवत राहायची, असं त्यांचं चाललेलं असतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काय मिळू शकतं हे त्यांनाही कळू दे. तुमचं नाव घालू नको म्हणालात, म्हणून घालत नाही.

एकदा तुम्ही विचारलं होतं, "एवढी नक्कल करतेयस ती कुणाच्या वाद्याची?" तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आलं आणि सांगायचं राहून गेलं. आता सविस्तर सांगते.

अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्याने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली. तिला भोपळा नाही, पोकळ पेटीही नाही, अंग सगळं भरीव लाकडाचं. तारांखाली तीन पिकअप असतात, ते तारेचं कंपन विजेत उतरवतात आणि आवाज पुढे अँप्लिफायर करतो. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी असली एक काळी गिटार १९७० साली न्यूयॉर्कच्या ४८व्या रस्त्यावरच्या मॅनीज नावाच्या दुकानातून घेतली. काळ्या रंगाखाली तिचा मूळचा पिवळा-तपकिरी रंग तसाच आहे. 'ब्लॅक स्ट्रॅट' म्हणून जग जिला ओळखतं ती हीच.

मला तिच्यातलं सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? ती कधी एका रूपात राहिलीच नाही. तिची मान अनेकदा बदलली. पांढऱ्या पिकगार्डच्या (अंगावरच्या प्लॅस्टिकच्या पाटीच्या) जागी १९७४ साली काळा आला. घोडीजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात तिच्याजवळ, जास्त वेढ्यांचा पिकअप बसला. मूळ स्विचमधून न मिळणारा पिकअपांचा मेळ मिळावा म्हणून आणखी एक छोटा स्विच टाकला गेला. तारा हलवायची दांडी कापून सव्वाचार इंचांची केली. १९८३ साली तर लाकूड कोरून वेगळ्याच जातीची घोडी बसवली, पुढे ती काढून खड्डा लाकडाने बुजवला आणि जुनी घोडी परत आली. मग काही वर्षं ही गिटार अमेरिकेत डॅलसच्या एका कॅफेत मांडलेली होती. तिथून परतल्यावर २००५ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये बँडचे चौघे जुने सोबती एकत्र वाजले तेव्हा गिल्मर यांच्या गळ्यात तीच होती. २०१९ साली लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले, त्या वेळच्या भावाने सत्तावीस कोटी रुपयांच्या वर. तोपर्यंत लिलावात एवढी किंमत कुठल्याच गिटारीला आली नव्हती. पैसे पर्यावरणासाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला गेले.

तिची हुबेहूब नक्कल करणारे लोक रंगाचे टवकेसुद्धा मोजून पाडतात. मला ते पटत नाही. ओरखडे वाजवून पडावेत. ती गिटार तिच्या मालकाने आपल्या हाताला आणि कानाला हवी तशी करून घेतली, आणि नक्कल करायचीच तर त्या करून घेण्याची करावी. स्ट्रॅटच्या घाटाची स्वस्त काळी गिटार मी घेतली ती याच विचाराने. काळा पिकगार्ड, सहा चुंबकी सळ्यांचे पिकअप, आवाज कमी-जास्त करायचे अडीचशे किलोओहमचे पॉट, पाच घरांचा स्विच आणि तो छोटा जादा स्विच, हे सगळं घरबसल्या मागवता आलं. पोस्टाने न येणारं जे होतं त्यासाठी मी तुमच्या दारात आले.

तुम्ही गिटार मांडीवर आडवी घेतली आणि वायरिंगबद्दल मी सांगत होते तिकडे लक्षच दिलं नाहीत. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या. तिसरी तार छेडल्यावर थांबलात. परत छेडली. मग पहिल्या पडद्यावर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबून छेडली, दुसऱ्यावर दाबून छेडली. म्हणालात, "ही मोकळी असली की जवारी बोलते. दाबली की गप. म्हणजे रोग वर आहे, खाली नाही."

चाचा, त्या क्षणी मला काय वाटलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. जवारीचा तो झणझणाट मी कितीतरी दिवस पिकअपच्या, स्प्रिंगांच्या, पडद्यांच्या माथी मारत होते. तुम्ही तो ओळखलात, कारण उभी हयात तुम्ही तोच झणझणाट मुद्दाम तयार करत आलात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर घासायचा, तार त्यावरून निसटती घासत जायला हवी, तेव्हा कुठे ते गुंजन उठतं. गिटारीच्या वरच्या टोकाला नट नावाची छोटी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. त्या खाचेत याच्या बरोबर उलटं लागतं. तार एकाच धारेवरून सुटली पाहिजे, आणि ती धार पडद्यांच्या बाजूची. खाच सपाट राहिली किंवा उलट्या बाजूला उतरली की तार खाचेच्या तळाशी थरथरते आणि सतारीसारखी बोलते. जवारी कशी लावायची हे ज्याला कळतं त्याला ती काढायची कशी हे वेगळं शिकावं लागत नाही. गिटारीवरची पुस्तकं वाचून मला जे सापडलं नव्हतं ते तुम्हाला चार वेळा तार छेडून सापडलं.

नंतरचं काम मी अगदी जवळून पाहिलं. लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोकून तुम्ही प्लॅस्टिकचा नट काढलात. हाडाचा तुकडा ४२ मिलिमीटरवर कापला, बूड मानेच्या खाचेत चपखल बसेपर्यंत काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासलं. मधोमध चिरलेली पेन्सिल पडद्यांवर आडवी टेकवून पडद्यांच्या उंचीची रेघ हाडावर ओढली, म्हणजे कानस त्या रेघेच्या खाली जायची नाही. तारांच्या जागा आखताना मध्यापासून मध्य न मोजता कडेपासून कड मोजलीत. पहिली तार पाव मिलिमीटर, सहावी जवळजवळ १.२ मिलिमीटर. मध्य सारखे ठेवले तर जाड तारा एकमेकींना खेटतात आणि बारीक तारा लांब पडल्यासारख्या वाटतात, हे तुम्ही मला बोटाने चाचपायला लावून पटवलंत. मग एकेक खाच, खुंट्यांकडे उतार देत. दोन-तीन हात कानस, तार बसवायची, सुरात आणायची, तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्या पडद्यावर फट किती राहते ते बघायचं, तार काढायची, परत कानस. शेवटी त्या फटीत कागदच काय तो जाईल एवढी जागा उरली. एवढा वेळ मी स्वतः कुणाच्या वाद्याला दिला नसता.

पडद्यांचं थोडक्यात लिहिते. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मानेचं लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. ती तुम्ही पट्टीला चिकटपट्टी लावून तिरकी घासलीत. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे ठोकून बसवलेले असतात, त्यामुळे उंच पडदा खाली बसत नसेल तर घासूनच सगळ्यांच्या पातळीला आणावा लागतो. काळ्या मार्करने माथे रंगवून, लांब सरळ कानशीने, शाई जिथे पुसली जाते तिथे उंचवटा, हे एकदा कळल्यावर अर्धे पडदे तुम्ही मलाच घासायला दिलेत.

वायरिंग मात्र माझं. तुम्ही एवढंच म्हणालात, "उघडण्याआधी कागदावर चित्र काढ. हात विसरतात." तुमच्या खिडकीजवळच्या पाटावर उजेड चांगला, म्हणून तिथेच बसून वायरींना सोल्डरचे डाग लावले. आतल्या खड्ड्याला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली, त्याने आजूबाजूच्या दिव्यांची, चार्जरची किरकिर गेली. एकाच कॉइलच्या पिकअपची मूळ घरघर थोडी राहतेच, ती या जातीच्या गिटारीबरोबर येते. छोट्या स्विचने मानेजवळचा पिकअप घोडीजवळच्याबरोबर चालू होतो. नेहमीच्या पाच घरांत हा मेळ बसतच नाही, कारण त्यात शेजारशेजारचेच पिकअप एकत्र येतात.

दांडी तुम्ही कापलीत. करवतीने नऊ-दहा हात, मग टोक गोल घासलं आणि पांढरं टोपण परत बसवलं. आता ती तळहातात मावते आणि सूर धरलेला असताना नुसत्या बोटांनी हलवता येते.

सगळं झाल्यावर तुम्ही मला गाणं वाजव म्हणाला नाहीत. तिसरी तार एकदाच छेड म्हणालात, आणि ती विझेपर्यंत ऐकत बसलात. मग म्हणालात, "आस लांबली," म्हणजे सूर आता जास्त वेळ टिकतो. माझ्या गिटारीबद्दल आजवर कुणी दिलेली सगळ्यात मोठी पावती ती आहे. पिकअप बदलल्याने आवाजाचा रंग बदलला हे खरंच, पण मोकळ्या तारेची ती स्वच्छ, लांब आस त्या हाडाच्या तुकड्यातून आली.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला. मला मनापासून वाटतं की तुमच्या गल्लीतलं हे कसब गिटारवाल्यांच्याही कामी यावं. शिकलगारांच्या घरांनी एकेकाळी शस्त्रांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळवले. त्या हातांना सहा तारांचं हे वाद्य परकं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. गिटारी येऊ लागल्या तर तुमच्या नातवालाही गल्लीतच काम राहील.

आणखी एक. दिवाळीनंतर मैत्रिणीची बेस गिटार घेऊन येणार आहे. तिची सगळ्यात जाड तार २.७ मिलिमीटरच्या आसपास असते, तेव्हा तेवढ्या रुंद खाचेची कानस मी मागवून ठेवते, हाड तुम्ही बघा. मजुरी मात्र काम सुरू करण्याआधी ठरवायची, आणि नटची वेगळी, पडद्यांची वेगळी. हाडाच्या पैशांवर या वेळी भागणार नाही, मैत्रिणीलाही तसं सांगून ठेवलंय.

चाचींना नमस्कार, आणि त्या दिवशीच्या चहाबद्दल त्यांचेही आभार.

तुमची,
सांगलीची काळ्या गिटारवाली