ओंक्या, तुझ्या रिपोर्टबद्दल

प्रिय ओंक्या,

रिपोर्ट पाहिला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, 5.9, म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा. त्याखाली तुझा मेसेज, "आई मी तर बारीक आहे, मला कसं काय?" आणि लगेच दुसरा, की उद्यापासून भात बंद, पोळी बंद, जिममधल्या कुणीतरी सांगितलेली कसलीशी पावडर सुरू. थांब जरा. फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून टाइप करतेय, अकरावीचे पेपर तपासायचे पडलेत ते पडू देत.

बारीक माणसाला कसं काय, या प्रश्नावरचं गाजलेलं काम आपल्या पुण्यातलंच आहे, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या गरोदरपणापासून नोंदी ठेवल्या. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली सगळीकडूनच लहान, हातपाय काटक्या, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी मात्र जवळपास तेवढीच. 2004 मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या एका डॉक्टर मित्राचा फोटो लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलमध्ये छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, 22.3, चरबी मात्र मित्राच्या अंगात 9.1 टक्के आणि यांच्या अंगात 21.2. शर्टात दोघेही बारीकच! आता तुझा बीएमआय काढून मला पाठवू नकोस, कळलं ना का ते.

तुझी आत्या म्हणतेय बाहेरचं खाऊन झालं हे. तिला म्हणायला काय जातं. माझा जन्म 72च्या दुष्काळानंतरचा, आजी दुष्काळात वाटलेल्या सुकडीवर आणि मिलोच्या, म्हणजे लाल ज्वारीच्या, भाकरीवर दिवस काढत होती, पोटात मी. आईच्या पोटातल्या कुपोषणाचा पुढे शुगरशी संबंध असतो असं हे केईएमवालेच सांगतात, मग तुझ्या रिपोर्टचं खापर एकट्या तुझ्या पिझ्झावर कशाला फोडायचं. (पिझ्झा कमी कर, ते वेगळं.)

आता त्या पावडरीचं. डब्यावर म्हणे "इन्फ्लेमेशन कमी करते". इन्फ्लेमेशन म्हणजे शरीरातला दाह, शब्द खरा आहे, म्हणूनच राग येतो. चरबी म्हणजे नुसती जास्तीचं साठवायची कोठी नाही, तिच्यात इम्युनिटीच्या पेशीही राहतात. 1993 मध्ये अमेरिकेत हॉटामिसलिगिल आणि स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ सापडला, म्हणजे शरीर एरवी इन्फेक्शनशी लढताना सोडतं तो सिग्नल, आणि तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणत होता. 2003 मध्ये दोन वेगळ्या टीम्सनी दाखवलं की लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज गर्दी करतात, तेच जंतू गिळणारे, मी वर्गात शिकवते ते. चरबीच्या पेशी फुगून मरायला लागतात आणि हे त्यांच्याभोवती कडं करून बसतात. जंतू एकही नाही आणि लढाई चालू, महिनोन् महिने, ताप नाही की दुखणं नाही, कळणार कसं?

मग टीएनएफ अडवला की काम झालं, असं वाटेल ना? माणसांवर करून पाहिलं, तो अडवणारं औषध डायबेटिसच्या पेशंटना दिलं, इन्सुलिनचं काम काही सुधारलं नाही. अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या औषधाने शुगर उतरते हे तर 1876 पासून माहितीये, पण त्याला डोस इतका मोठा लागतो की पोटाची वाट लागेल. एवढी मोठी माणसं तीस वर्षं जिथे अडकलीत तिथे तुझा जिमवाला दोन चमच्यांत पोचला! ठेव तो डबा.

आणि भात-पोळी एकदम बंद करून तू आठवडाभर टिकशील, मग रात्री बाराला बिर्याणी मागवशील, मी ओळखते तुला. त्यापेक्षा भात निम्मा घे, उसळ वाढव, रात्रीचं जेवण आठला, जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल. डंबेल सोडू नकोस, आपल्याकडे स्नायूच कमी असतात आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः तेच उचलतात.

टेप घे आणि कंबर मोज, बेल्टच्या जागी नाही, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता. 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर खरं सांग. डॉक्टरकडे जाशील तेव्हा आजोबांना पंचेचाळिशीत शुगर निघाली होती हे सांगायला विसरू नकोस, आणि टेस्ट परत कधी करायची ते त्यांनाच विचार, गुगलला नको.

आई