मिनी डाळमिलचा आराखडा यंत्रावरून नको, वाळवणावरून मांडा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

बचत गटांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना मिनी डाळमिल मिळाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. नारळ फोडतानाचा, यंत्राला हार घातल्याचा फोटो असतो. वाचून बरे वाटते, कारण आपली तूर आपल्याच गावात भरडली जावी हे मलाही मनापासून वाटते. मात्र त्या गिरणीत पुढे महिन्याला किती माल निघतो, याची बातमी कधी येत नाही. माझ्या पाहण्यातल्या काही गिरण्यांना आज कुलूप आहे, आणि त्या गटांतल्या बायका कामाला कमी पडल्या म्हणून ते लागलेले नाही. पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातात उत्पादनाचा आराखडाच चुकीचा दिला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी उदगीरच्या एका डाळमिलमध्ये पर्यवेक्षिका आहे. मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, आलेला कोणता माल आधी चाळायचा, कोणता तेलाला लावायचा, अंगणात काय पसरायचे आणि भरडण्याच्या खरबरीत रोलवर काय चढवायचे, हे रोज संध्याकाळी फळ्यावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. गटांनी बोलावले की सवडीने त्यांच्याकडेही जाते.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका गटाच्या अध्यक्षबाईंनी मला त्यांचा प्रकल्प अहवाल दाखवला. छान बाइंडिंग केलेला, एजंटाकडून करून घेतलेला. त्यात हिशेब असा होता: यंत्र तासाला एक क्विंटल तूर भरडते, दिवसाचे आठ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणून वर्षाला २,४०० क्विंटल. या आकड्यावर नफा काढलेला आणि नफ्यावर कर्जाचा हप्ता बसवलेला. वाळवणाला जागा किती लागेल, याचा अख्ख्या अहवालात एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

तूर पोत्यातून काढली आणि यंत्रात ओतली, असे डाळीचे होत नाही. आधी चाळून काडीकचरा, खडे काढायचे. मग रोलवरून एक हलका हात द्यायचा, म्हणजे टरफलाला ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांतून आत मुरावे म्हणून क्विंटलला पाव किलोच्या आसपास तेल चोळायचे आणि माल उन्हात पसरायचा. बायका दर दोन तासांनी पाय ओढत त्यात सऱ्या पाडतात, म्हणजे खालचा दाणा वर येतो. संध्याकाळी ढीग करून वर ताडपत्री टाकायची, म्हणजे दिवसाची ऊब रात्रभर आत राहते आणि ओल सगळीकडे सारखी होते. पुन्हा पाण्याचा हात, पुन्हा ऊन. दाणा दाताखाली धरल्यावर कडकन फुटला, की मगच तो भरडायला तयार. स्वच्छ ऊन असेल तरी यात तीन दिवस जातात. शिवाय पहिल्या फेरीत ज्याचे टरफल सुटत नाही तो माल परत तेल-पाण्याला जातो, त्याचीही जागा धरावी लागते.

आता त्या गटाची गच्ची घ्या. ती सहाशे चौरस फुटांची होती. इंचभर थर दिला तर तिच्यावर साधारण अकरा क्विंटल तूर बसते. ती तीन दिवस हलत नाही. म्हणजे दिवसाला पावणेचार क्विंटलच्या वर तयार माल यंत्राकडे जाऊच शकत नाही, मग यंत्र आठचे असो की वीसचे. शिवाय हे ऊन आपल्याला जानेवारी ते मेपर्यंतच भरवशाचे मिळते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी पाच महिन्यांत साडेचारशे-पावणेपाचशे क्विंटल होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात मूग-उडीद येतो तो परतीच्या पावसात भिजलेला, त्याला वाळवायलाच जास्त वेळ लागतो. तोही धरला तरी वर्षाचा आकडा सहाशेच्या पुढे ओढून ताणूनही जात नाही. हप्ता मात्र २,४०० वर बसलेला.

अध्यक्षबाईंना मी हे वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून दाखवले. त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, मग आम्हाला दुसरं मोठं यंत्र घ्या म्हणून का सांगायलेत?” त्यांना तसा सल्ला खरोखरच दिला गेला होता. उत्पादन निघत नाही ना, मग मोठे यंत्र घ्या! त्यांना गरज होती ती आणखी सहाशे-सातशे फूट कोबा केलेल्या जागेची आणि चांगल्या जाड ताडपत्र्यांची. ड्रायर हाही एक मार्ग आहे, पण त्याचे इंधन किंवा वीज डाळीच्या भावात बसते का, हे आधी तपासावे लागते. कोणत्याही कारखान्यात काम जिथे सगळ्यात हळू चालते, तिथूनच आराखडा मांडायला सुरुवात करावी लागते. बाकीची यंत्रे त्याच्या मागे-पुढे बसवायची. आमच्या मिलमध्ये फळ्यावर पहिला रकाना अंगणाचा असतो, रोलचा नंतर येतो.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. तूर मोंढ्यात जोरात येते ती जानेवारी ते मार्च. मेपर्यंत गिरणी चालवायची तर माल याच तीन महिन्यांत घेऊन ठेवावा लागतो. दिवसाला चार क्विंटल म्हणजे महिन्याला शंभर. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये, त्या दराने एका महिन्याचाच माल आठ लाखांचा झाला. तीन महिन्यांचा चोवीस लाखांचा. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, ते चांगलेच आहे. गटातल्या प्रत्येक सदस्याला खेळत्या भांडवलासाठी कमाल ४०,००० रुपयांचे बीज भांडवलही आहे. दहा जणींचा गट धरला तर चार लाख होतात. त्यात पन्नास क्विंटल तूर येते, म्हणजे बारा-तेरा दिवसांचे काम. चौदाव्या दिवशी काय भरडायचे? त्या दिवसापर्यंत आधीची डाळ विकून पैसे हातात आले पाहिजेत, आणि किराणा दुकानदार तर महिना-दीड महिना उधारीवर माल मागतो. कोणत्या आठवड्यात किती पैसा मालात अडकणार आणि कधी सुटणार, हे उत्पादनाच्या आराखड्यातच लिहिलेले असले पाहिजे. ते हिशेबनिसाचे काम म्हणून बाजूला टाकता येत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांना यात एक सोय आहे. सभासदांची तूर ठरलेल्या तारखांना टप्प्याटप्प्याने घ्यायची आणि पैसेही तसेच द्यायचे, असे आधी बोलून ठेवता येते. पण ते पेरणीच्या वेळी बोलावे लागते, रास झाल्यावर कोणी थांबत नाही.

वाणाचेही तसेच. आपल्याकडे बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन-७११ ही पांढरी तूर आणि बीडीएन-७१६ ही लाल तूर, दोन्ही पेरतात. दाण्याचा आकार वेगळा, टरफल वेगळे. हे दोन माल एकत्र केले की एकाचे टरफल सुटते तेव्हा दुसऱ्याची कणी होते. म्हणून लॉट वेगळे ठेवायचे, पोत्याला चिठ्ठी लावायची आणि एक वाण संपवूनच दुसरे घ्यायचे, म्हणजे रोज चाळण्या बदलण्यात आणि रोलची फट जुळवण्यात वेळ जात नाही.

ऑर्डर घेतानाही मागे मोजत यावे लागते. वीस एप्रिलला लग्नघरी दोन क्विंटल डाळ पोहोचवायची आहे, तर पॅकिंगचा एक दिवस, भरडणे-प्रतवारीचा एक, वाळवणाचे तीन, तेलाचा आणि चाळणीचा एक, अवकाळीचे आभाळ आले तर म्हणून आणखी दोन. म्हणजे बारा तारखेला तूर घरात हवी. “परवा देतो” म्हणून शब्द दिला की ओली तूर यंत्रात जाते, टरफल सुटत नाही, कणी वाढते आणि क्विंटलमागे सत्तर किलोच्या पुढे निघायची ती डाळ साठ किलोवरच अडकते. गिऱ्हाईकही जाते. भरडताना निघणाऱ्या चुनी-भुश्श्याचा मात्र कोणी विचारच करत नाही. उन्हाळ्यात जनावरांना चारा कमी पडतो तेव्हा त्याला चांगला भाव असतो, त्यामुळे तो साठवायला कोरडा कोपरा आणि वेगळी पोती आधीच ठरवून ठेवावीत. विजेचे म्हणाल तर थ्री-फेज पुरवठा कोणत्या वेळी असतो ते वायरमनला विचारून फळ्यावर लिहावे आणि भरडणे त्याच वेळात धरावे, इतकेच.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. कृषी विभाग, जिल्हा उद्योग केंद्र आणि बचत गटांसाठीचे राज्याचे ‘उमेद’ अभियान यांच्या प्रशिक्षणात यंत्र कसे चालवायचे आणि फाइल कशी करायची हे शिकवतात, त्यात एक पूर्ण दिवस महिनावार आराखड्यासाठी द्यावा, आणि तो चालत्या डाळमिलच्या अंगणात घ्यावा. बँकेच्या अधिकाऱ्यांनी यंत्राचे कोटेशन मागताना वाळवणाच्या जागेचे मापही मागावे. ३०० दिवसांचा गुणाकार केलेला अहवाल सरळ परत करावा. आणि कर्जाचे हप्ते बारा महिने सारखे न ठेवता फेब्रुवारी ते जून जास्त आणि पावसाळ्यात कमी, असे बांधून द्यावेत. जुलै-ऑगस्टात गिरणी बंदच असते, तेव्हा रोलला नवा थर चढवायचा असतो, दुरुस्त्या असतात. त्या काळात हप्त्यासाठी बायकांना अंगावरचे दागिने गहाण टाकावे लागतात, हे मी पाहिले आहे.

नव्या तुरीची आवक सुरू होण्याच्या आत निदान आपल्या जिल्ह्यातल्या बंद गिरण्यांना कोणीतरी भेट देऊन त्यांची गच्ची मोजावी. संबंधित कार्यालयाने बोलावले तर मी माझी वही घेऊन यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
डाळमिलमधील एक पर्यवेक्षिका,
उदगीर, जि. लातूर