आत्ता पावडर मागवू नकोस

कुडाळ, 12 जुलै

प्रिय संज्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी वाफ्यातच होतो. ओढ्याकडेला माणगा बांबू लावायचाय, काठ्या तोडायला घेतल्यात, मुळं फुटायची रूटिंग पावडर कुठली मागवू म्हणतोस. अरे पावडर राहू दे, आधी कोयता खाली ठेव.

पहिल्या वर्षी मीपण पावसातच लावलं होतं. पाऊस म्हणजे लावणी, एवढंच डोक्यात. साठ कांड्या, म्हणजे काठीचे कापलेले तुकडे, सगळ्यांना मुळं फुटायचं हार्मोन लावलेलं, आणि पंधरा-वीस दिवसांत गाठींवरच्या डोळ्यांतून अशी हिरवीगार पानं फुटली की आईला हाताला धरून दाखवायला नेलं. गणपतीपर्यंत पानं पिवळी पडायला लागली म्हणून एक कांडी उपटून बघितली, तर खाली एक तंतूसुद्धा नाही, कापलेलं टोक काळं बुळबुळीत आणि कुजका वास. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

बांबूत पान फुटलं म्हणजे रोप लागलं असं नसतं रे. कांडीत जे अन्न साठलेलं असतं त्यावर पानं येतात, तेवढ्यात मुळी नाही सुटली तर साठा संपतो आणि कांडी मरते. आणि पावसाळ्यात बांबूचं बेट आपली सगळी ताकद जमिनीतून येणाऱ्या नव्या कोंबांना देत असतं, त्यामुळे काठी रिकामी, वर ओल इतकी की कुजायला वेळ नाही लागत. डिसेंबरात लावलेल्या माझ्या कांड्या कुजल्या नाहीत पण ढिम्म बसून राहिल्या. फेब्रुवारी ते एप्रिल हीच खरी वेळ, तेव्हा साठा भरलेला असतो आणि डोळे फुगलेले. हार्मोन चांगल्या कांडीला मदत करतं, रिकाम्या कांडीत जीव नाही घालत.

केरळात पीचीला वन संशोधन संस्था आहे, त्यांनी बसवलेली पद्धत अशी की दोन डोळ्यांची कांडी घ्यायची, मधल्या पेराला भोक पाडायचं, आत एनएए या मुळं फुटायच्या हार्मोनचं 100 पीपीएम द्रावण ओतायचं आणि भोक बंद करून कांडी आडवी पुरायची. कळक बांबूला हे मस्त जमतं कारण तो पोकळ. आपला माणगा खालून जवळजवळ भरीव, ओतणार कुठे? म्हणून मी कांड्या रात्रभर द्रावणात बुडवून ठेवतो. 1 लिटरला 100 मिलिग्रॅम, पण एनएए सरळ पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात ओत.

काठी एक-दोन वर्षांची घे, जुनी नको. धारदार करवतीने काप, चिरली तर फेकून दे. डोळे दोन्ही बाजूंना येतील अशी आडवी ठेव, वर दोन बोटं माती, शेडनेट, आणि उन्हाळाभर पाणी चुकवायचं नाही. पानं दिसली तरी हात लावू नकोस, मुळ्यांना दोन-तीन महिने लागतात, त्यानंतरच पिशवीत.

माणग्याचं बी मिळत नाही आणि कंद खणून काढले की मूळ बेट दुबळं होतं, म्हणून कांडी नीट लागणं मला एवढं महत्त्वाचं वाटतं.

ज्या तोडल्यास त्या मांडवाला वापर. फेब्रुवारीत दोन दिवस काढून ये, आमच्या विहिरीजवळच्या बेटातल्या चार काठ्या मी तुझ्यासाठी आजच खूण करून ठेवतो. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू