‘थांबा’ म्हणता येईल अशा नाटकासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमची हौशी नाट्यसंस्था पुण्यातील समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी कलावंतांसोबत आरोग्याच्या प्रश्नांवर नाटके बसवते. या वर्षीचे नाटक ‘एमडी’वर, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थावर आहे. त्याचे बारा प्रयोग वस्त्यांत आणि महाविद्यालयांत विनामूल्य करण्यासाठी आपले साहाय्य हवे आहे.

प्रसंग एवढाच आहे की, भाड्याच्या फ्लॅटमध्ये रात्री तीन वाजता एक मुलगा बेशुद्ध पडतो आणि त्याचे तिघे मित्र १०८ क्रमांकाला फोन करण्याऐवजी आधी टेबल पुसतात, चादरी बदलतात, घरमालकाला कोण कोणाचा भाऊ म्हणून सांगायचे ते ठरवतात. यात साडेचार मिनिटे जातात. तालमीत आम्ही घड्याळ लावून मोजली. प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणावे, एका मित्राची जागा घ्यावी आणि प्रसंग नव्याने सुरू करावा, ही ब्राझीलचे रंगकर्मी आगुस्तो बोआल यांची पद्धत आम्ही वापरतो. परवाच्या तालमीला आलेल्या एका मावशींनी कोणाशी काही न बोलता मुलाला कुशीवर वळवले आणि म्हणाल्या, “भांडण नंतर करा रे, आधी त्याचा श्वास बघा.” ते वाक्य आता संहितेत कायम झाले आहे.

पत्रके का वाटत नाही, असे आम्हांला विचारले जाते. पत्रक घरी नेता येत नाही. खिशात सापडले तर उत्तर काय द्यायचे? शिवाय सत्यशोधकी जलशांचा वारसा असलेल्या प्रांतात अवघड गोष्ट लोकांसमोर उभी करून दाखवण्याचे नवल वाटू नये.

त्या तिघांची भीती खोटी नाही. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा कलम ३७७ बाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ साली आला, तरी घरचे, घरमालक आणि क्वचित डॉक्टरही बदललेले नसतात, त्यामुळे व्यसन आणि ओळख अशी दोन गुपिते एकाच वेळी सांभाळावी लागतात. मात्र स्वल्प प्रमाणातील अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करत असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातील कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नशेत असुरक्षित संबंध आला तर एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, आणि फार तर ७२ तासांच्या आत, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, हेही. दोन्ही माहिती, तसेच १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, प्रयोगानंतरच्या गप्पांत समुपदेशक सांगतात.

एका प्रयोगाला टेम्पो, ध्वनियंत्रणा, चहापाणी आणि समुपदेशकांचे मानधन धरून नऊ हजार रुपये लागतात. नट मानधन घेत नाहीत. समुपदेशकांनी फुकट राबावे, हे मात्र आम्हांला पटत नाही, कारण प्रयोग संपल्यावर कोपऱ्यात थांबून राहिलेल्या मुलाशी तेच बोलतात. देणगीची पावती आपल्या नावे मिळेल. देणगीदारांच्या यादीत नाव छापायचे की नाही, ते आपण ठरवावे. पैसे देणे शक्य नसल्यास सोसायटीचे सभागृह एका संध्याकाळपुरते द्यावे. एक जाड सतरंजीही हवी आहे, कारण बेशुद्ध पडणारा नट सध्या रोज गार फरशीवर पडतो.