दीवच्या चर्चना सिमेंट लावू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला दीववरचा लेख वाचला. छायाचित्रे सुंदर आहेत, त्याबद्दल अभिनंदन. परंतु शेवटच्या परिच्छेदात लेखकाने दिलेला सल्ला वाचून गप्प बसवले नाही. जुन्या चर्चच्या भिंतींना पोपडे सुटलेत, ओल दिसते, पर्यटकांवर छाप पडत नाही, तेव्हा एकदाच काय तो सिमेंटचा पक्का गिलावा करून वर प्लॅस्टिक रंगाचे दोन हात मारावेत, असे ते सुचवतात. कृपया असा सल्ला हजारो वाचकांपर्यंत पोचवू नका. तो कोणी अमलात आणला तर पोपडे थांबणार नाहीतच, मूळ दगडही जाईल.

दीवचे जुने बांधकाम मुख्यतः तिथल्याच चुनखडीच्या दगडातले. मुंबईतल्या कित्येक ब्रिटिशकालीन इमारतींची नक्षी ज्या पोरबंदरी दगडात कोरली आहे, त्याच्याच जातकुळीतला हा दगड. मऊ, छिन्नीला वश होणारा, पण पाणी शोषणारा. त्यात बेटाला चहूकडून खारे पाणी. वाऱ्यावरचा खार बाहेरून बसतो आणि जमिनीतली ओल आतून चढते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ विरघळते, खाली उतरली की त्याचे पुन्हा स्फटिक होतात. पावसाळा आणि हिवाळा यांच्यात हे घडतेच, समुद्राकाठी ते पहाट आणि दुपार यांच्यातही घडते. स्फटिक वाढताना छिद्रांवर ताण येतो आणि दगडाचा कण न् कण सुटू लागतो.

चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. ओल त्यातून बाहेर पडते, स्फटिक गिलाव्यातच होतात आणि झडतो तो गिलावा. तो पुन्हा करता येतो. लेखकाला खटकलेल्या पोपड्यांनी आतला दगड सांभाळलेला असतो. सिमेंटचा थर मात्र घट्ट. ओल त्याच्या मागे अडते, मीठ दगडाच्या तोंडाशी साठते. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षार आणते ते वेगळेच. दोन-चार पावसाळे सगळे ठाकठीक दिसते. मग भिंतीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, आणि पुढे एके दिवशी ताटाएवढा तुकडा निसटतो, त्याच्या पाठीला दगडाचा थर चिकटलेला असतो. तो दगड परत कसा लावणार?

सेंट पॉलचे चर्च १६०१ मध्ये सुरू होऊन १६१० मध्ये पुरे झाले. त्याच्या दर्शनी भिंतीवर शिंपल्यांची आणि वळणावळणांची नक्षी आहे. तिथे पंधरा मिलिमीटर सिमेंट थापले तर शिंपल्याच्या शिरा दिसायच्या बंद होतील. गिलावा काढून दगड उघडा ठेवणे हाही उपाय नव्हे. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि आतला जांभा आजतागायत पावसात झिजतो आहे. दीवच्या या चर्चची तुलना सगळेच बॉम जेझूशी करतात, तर त्याच्यापासून हेही शिकावे.

काम करायचेच असेल तर आधी पाणी कुठून येते ते शोधावे. छपराची पन्हळ तुंबली आहे का, भिंतीला लागून फरशी किंवा काँक्रीट केले आहे का? तसे असेल तर भिंतीलगतची अर्धा मीटर पट्टी उखडून खडी भरावी, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत न चढता तिथून उडून जाते. मग वर आलेला लोणा, म्हणजे मिठाची पांढरी पूड, मऊ ब्रशने कोरडाच झाडावा आणि खाली पडलेली पूड गोळा करून न्यावी. पाण्याचा फवारा मारून धुतला तर तेच मीठ पुन्हा आत जाते. जिथे मीठ खोल आहे तिथे कागदाचा लगदा स्वच्छ गोड्या पाण्यात कालवून दीड-दोन सेंटीमीटर जाड थापावा, पूर्ण सुकू द्यावा, काढावा, असे तीन-चारदा. पूर्वी कुणी सिमेंट लावलेले असेल तर ते हातछिन्नीने काढावे, यंत्राने नाही. आणि दगड सोबत येत असेल तिथे ते तसेच राहू द्यावे.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेला, पाण्यात विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. जितका जास्त मुरेल तितका बरा. एक भाग चुन्याला तीन भाग वाळू, तीही नदीची, धुतलेली. दीवमध्ये हाताशी समुद्राची वाळू असते आणि घात तिथेच होतो, कारण तिच्याबरोबर मीठ फुकट येते. भिंत आधी भिजवून दहा-बारा मिलिमीटरचा पहिला थर द्यावा, वर तीन-चार मिलिमीटरचा बारीक थर. प्रत्येक थरावर ओले गोणपाट आठवडाभर धरावे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, उन्हात झटपट सुकवला तर नुसती भुकटी होते. शेवटी चुन्याचीच सफेदी, पातळ, चार-पाच हात, दोन हातांत एका दिवसाचे अंतर ठेवून. ही सफेदी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते आणि तेवढा खर्च धरूनच चालावे. 'एकदाच काय तो' असा उपाय समुद्राकाठच्या भिंतीला नाही.

आणखी एक. दीवमधल्या नायडा गुंफा निसर्गनिर्मित असल्याचे लेखात म्हटले आहे. त्या दगडाच्या खाणी आहेत. भिंतींवर छिन्नीचे सरळ घाव आणि चिरे काढल्याच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. तिथला दगडही इतका मऊ आहे की किल्लीने नाव कोरता येते, आणि लोक कोरतात. तुमच्या मधल्या पानावरच्या मोठ्या छायाचित्रात हसणाऱ्या तरुणांच्या मागे बदाम आणि नावे कोरलेली दिसतात, पण फोटोखालच्या ओळीत त्याबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या रविवारी दोन्ही दुरुस्त्या त्याच पुरवणीत, निदान चौकटीत तरी, छापाव्यात ही विनंती. डिसेंबरच्या सुट्टीत आपल्याकडून बरेच लोक तिकडे जातील, त्याआधी हे व्हायला हवे.

आपला,
एक वाचक, वसई