वह्या रद्दीत देऊ नकोस

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न.

बाबा, हे पत्र लाल पेनाने तपासून परत पाठवू नका. हॉस्टेलवर होते तेव्हा तीन वर्षं तुम्ही तेच केलंत. खुशाली कळवू की ऱ्हस्व-दीर्घ सांभाळू, असं व्हायचं मला.

परवा फोनवर आईने विचारलं, "आली होती का गं तुझी ती वाईची बाई?" आणि मी नुसतं हो म्हणून मोकळी झाले. घरात पाहुणे होते. आता सगळे निजलेत.

छापायला देण्याआधी आम्ही एकमेकींचं लिहिलेलं वाचतो, याला आता किती वर्षं झाली! २०१८ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन इथं बडोद्यात भरलं, तेव्हाच ती यायची होती. ऐन वेळी तिच्या सासूबाई पडल्या आणि राहून गेलं ते राहूनच गेलं. या वेळी पहाटेच्या गाडीने आली. मी उंच, करारी बाई शोधत होते. समोर आली ती माझ्या खांद्याला लागेल एवढी, हातात हळदीची पिशवी. रिक्षात दोघी गप्प. तिच्या वडिलांचे शेवटचे दिवस मला तोंडपाठ आहेत, आणि ती चहा घेते की कॉफी, हे विचारावं लागलं! घरी मी म्हटलं, "मांडवीपर्यंत पायी फावेल ना तुम्हाला?" त्यावर तिने पर्समधून डायरीच काढली. आपल्याकडे फावतं ते चोराला, नाहीतर कुणाची पाठ वळल्यावर. इथं गुजरातीच्या शेजाराने फावणं म्हणजे सोयीचं होणं, जमणं. वीस वर्षांत माझं मराठी असं कुठं कुठं वाकलंय, ते तिच्यामुळे कळलं.

मांडवीला तिला सेंट्रल लायब्ररी दाखवायची होती. बाबा, तुमचं कवळाण्याचं आख्यान ऐकवलं मी तिला. मालेगाव तालुक्यातला लिहिता-वाचता न येणारा गोपाळ, १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, सगळं, तुमच्याच सुरात. त्याच मुलाने पुढे १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून ही लायब्ररी उभी केली. तिथल्या बाईंना विनवून आम्ही पुस्तकांच्या मजल्यांवर गेलो. जमीन जाड काचेची, उजेड खालच्या मजल्यावर झिरपावा म्हणून. खाली कुणी चाललं की आपल्या पायाखाली सावली सरकते. ती चपला काढून उभी राहिली, देवळात राहावं तशी. मला हसू आलं, मग मीही काढल्या.

तिथून खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची, फिरती ग्रंथालयं. हे सांगितलं तर ती म्हणाली, "बायकांच्या हाती लागत असतील का हो ती? आणि वाचून झाल्यावर त्या लिहीत काय असतील? हिशेबच ना."

मग मी आईच्या वह्यांचं सांगितलं.

आई, रागावू नकोस. लहानपणी ट्रंकेतून काढून मी त्या वाचल्या आहेत. दूध, वाणी, रॉकेल, आणि कडेला समासात बारीक अक्षरात एखादी ओळ. "वाणी ३१२. तेल महाग. आज कुणाशी बोलले नाही." "गॅस आला. धाकटी मार्कांबद्दल खोटं बोलली. मी कळू दिलं नाही." ही दुसरी वाचली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आठवडाभर तुझ्याकडे बघवत नव्हतं.

सेव उसळ खायला बसलो होतो तेव्हा. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर तरी, वर शेव. तिला ती मिसळीपुढे गोडसर वाटली, पण पाव तिने तीन खाल्ले. हात पुसत म्हणाली, "आणि तुम्ही दिवाळी अंकात त्यांच्यावर लिहिलंत, तेव्हा त्यांची नुसती पुरणपोळी केलीत. त्या लेखात तुमची आई एकदाही चिडत नाही. खरंच चिडत नाहीत?"

मला झोंबलं. लेख पाठवला होता तेव्हा हीच म्हणाली होती, छान झालाय. तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणे, "पत्रात धीर झाला नाही. समोर बसल्यावर झाला." मला वाटतं, एवढ्यासाठीच माणसाने रात्रभराचा प्रवास करून यावं.

बाबांनी त्या लेखाच्या झेरॉक्स कॉलनीभर वाटल्या होत्या. आई, तू वाचलास, "बरं आहे" म्हणालीस आणि आत जाऊन भाजी निवडायला बसलीस. ते "बरं आहे" मी कौतुक म्हणून घेतलं. चारशे शब्दांत मी जे गुळमट लिहिलं, ते तू समासात सहा शब्दांत लिहीत होतीस, आणि तेही खरं. संध्याकाळी कमाटीबागेत बसून आम्ही दोघींनी तो लेख पुन्हा वाचला. तिने निम्म्याहून जास्त ओळींवर काट मारली. (बाबा, तिचं पेन निळं होतं.)

आता काम सांगते. संक्रांतीआधी माळा साफ करायचं बाबांच्या डोक्यात आहे, हे कळलंय मला. गोधड्यांखाली जी पत्र्याची ट्रंक आहे, तिला हात लावू नका. वह्या रद्दीवाल्याला द्यायच्या नाहीत. मी वीस तारखेनंतर दोन दिवस येते. आई, वाचू नको म्हणालीस तर उघडणारही नाही. फक्त तसं तू स्वतः सांग, बाबांच्या तोंडून नको.

हळदीतली निम्मी तुझ्यासाठी बांधून ठेवली आहे. येताना आणते.

तुमची,
धाकटी